शत्रूच्या हाती लागलेलं लढाऊ जहाज: ‘जप्त’, ‘काबीज’ की ‘पाडाव’?

विचारणा (कोल्हापूर):
शाळेच्या हस्तलिखितासाठी ‘स्टुअर्ट’ या अमेरिकी विनाशिकेवर लिहितेय. १९४२ साली जावा बेटावरच्या सुराबायाच्या गोदीत ती कलंडली. अमेरिकनांनी स्फोट करून ती तिथंच सोडली. जपान्यांनी ती वर काढली, पुढची दोन धुराडी एकात जोडली आणि १९४३ पासून ‘१०२ क्रमांकाची गस्ती नौका’ म्हणून वापरली. शत्रूच्या मुलखात आपलं जहाज दिसतंय, असं अमेरिकी वैमानिक कळवत राहिले! अशा जहाजाला काय म्हणावं? ‘जप्त’ लिहिलं की पोलिसांचा पंचनामा आठवतो.

उत्तर:
ताई, बखरींतला शब्द आहे ‘पाडाव’. हत्ती, घोडे, माणसं, लढाईत जे हाती लागलं ते पाडाव. आज त्याचा ‘पराभव’ एवढाच अर्थ उरलाय, म्हणून प्रत्यय सांभाळा. ‘जहाजाचा पाडाव केला’ म्हणजे हरवलं. ‘जहाज पाडाव केलं’ म्हणजे धरून आणलं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. तुळाजी आंग्र्यांच्या आरमारात इंग्रज कंपनीचं पाडाव केलेलं ‘रिस्टोरेशन’ हे जहाज होतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आरमाराच्या अ‍ॅडमिरल वॉटसननं विजयदुर्गावर मारा केला, तेव्हा गोळा नेमका त्या जहाजावर पडला. आग भडकली ती शेजारच्या गलबतांवर गेली आणि आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. पेशव्यांची फौज तेव्हा इंग्रजांच्या बाजूला होती, हे वाचताना आजही जीव तुटतो.

उत्तर (मालवण):
‘पाडाव’मधला काना विसरू नका. आमच्याकडे ‘पडाव’ म्हणजे माल वाहणारी होडी. आणि ‘काबीज’ किल्ल्याला, मुलखाला शोभतं. १७६५ साली इंग्रजांनी तुमच्या करवीरकरांचा सिंधुदुर्ग काबीज केला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ नाव दिलं, तसं.

विचारणा (कोल्हापूर):
पण ‘स्टुअर्ट’ लढून घेतलेली नाही. सोडून दिलेली उचलली. तरी पाडावच?

उत्तर:
नाही. तिला ‘जपान्यांच्या हाती लागलेली’ म्हणा. जर्मन पाणबुडी यू-५७० ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिशांना शरण आली आणि पुढे ‘ग्राफ’ नावानं त्यांच्याच आरमारात लढली. ती मात्र खरी पाडाव. आणि पुढच्या वापरासाठी ‘आरमारात दाखल करून घेतली’ हे पुरेसं आहे. ‘सेवेत रुजू झाली’ माणसांसाठी राहू दे.