चिकलठाण्याहून उडणाऱ्यानं कुठलं खातं धरावं? विमान आणि हॉटेलच्या पॉइंटबद्दल

वाळूजकर

राम राम मंडळी. छत्रपती संभाजीनगरला वाळूजच्या कंपनीत सप्लायर क्वालिटीचं काम आहे, विमान चिकलठाण्याहून. दिल्ली-हैदराबाद सारखं चालू असतं, चाकणला गाडीनं जातो, अधूनमधून जर्मनी. विमानाचं तिकीट कंपनीचा ट्रॅव्हल डेस्क काढतो. हॉटेल कधी डेस्क बघतो, कधी 'तुमचं तुम्ही बघा' म्हणतात. एवढं फिरून खात्यावर काहीच नाही, कारण दर वेळी वेगळं विमान आणि वेगळं अ‍ॅप.

प्रवासाचे पॉइंट जमवायला इंडिगोचं ब्लूचिप खातं धरावं का एअर इंडियाचं महाराजा क्लब? हॉटेलात एकच धरायचं तर कोणतं? झालेल्या प्रवासाचे पॉइंट मागाहून मिळतात का? आणि पॉइंटवाल्या क्रेडिट कार्डासाठी बँकवाले मागं लागलेत, त्याचंही सांगा.

खिडकीसीट

आधी विमानाचं. आपल्या विमानतळावर निवडीला फार वाव नाही, त्यामुळं 'सगळ्यात भारी प्रोग्रॅम कोणता' ही चर्चा मुंबई-दिल्लीवाल्यांनी करावी. आपण बघायचं ते एवढंच की सोयीच्या वेळेला विमान कोणाचं आहे. हैदराबादला इंडिगो. दिल्ली-मुंबईला इंडिगो आणि एअर इंडिया. वेळापत्रक दर वर्षी मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, तेव्हा एकदा नजर टाकत जा. दोन्ही खाती फुकट आहेत, दोन्ही काढून ठेवा. फक्त पॉइंटपायी हजार रुपये जास्त देऊन दुसरं तिकीट घेऊ नका, हिशोब कधीच जुळत नाही.

पॉइंट पूर्ण तिकिटावर मिळत नाहीत हेही लक्षात घ्या. मूळ भाडं आणि विमान कंपनीचे स्वतःचे आकार एवढंच धरतात. जीएसटी, विमानतळाचं वापर शुल्क, सुरक्षा शुल्क वजा होतं. आपल्यासारख्या छोट्या पल्ल्याच्या स्वस्त तिकिटात हा वजा होणारा भाग बराच असतो.

आता दोघांतला फरक. ब्लूचिप २०२४ मध्ये आलं. साधं काम आहे: भाड्यावर चिप मिळतात, त्या पुढच्या तिकिटात वळत्या करायच्या. इंडिगो कुठल्याही जागतिक आघाडीत (एकमेकांचे पॉइंट मानणाऱ्या विमान कंपन्यांच्या गटात) नाही. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, आणि लुफ्तान्साही त्यातच. तुमची जर्मनी आहे म्हणून पारडं महाराजा क्लबकडं झुकतं. एअर इंडियानं दिल्लीला गेलात किंवा लुफ्तान्सानं फ्रँकफर्टला, दोन्हीकडं एकच नंबर चालतो. खात्यात गोल्ड दर्जाला पोचलात तर स्टार अलायन्स गोल्ड लागू होतं: लाउंज, रांगेत अग्रक्रम आणि जादा सामान, वजनाच्या हिशोबात २० किलो किंवा नगाच्या हिशोबात एक नग. त्याखालच्या सिल्व्हरला आघाडीत जवळपास काही नाही, त्याच्यामागं धावू नका.

विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. क्लब विस्ताराचं जुनं खातं असेल तर त्यातले पॉइंट महाराजा क्लबात दिसतात का ते तपासा.

जर्मनीच्या तिकिटात खरी गोम आहे ती बुकिंग वर्गात. ई-तिकिटावर विमान क्रमांकाजवळ एक अक्षर असतं, तो बुकिंग वर्ग. लुफ्तान्साच्या इकॉनॉमीत के, एल, टी हे सगळ्यात स्वस्त. दुसऱ्या कंपनीच्या खात्यात पॉइंट मागितले की ते अंतर गुणिले त्या अक्षराचा टक्का असे मिळतात. मुंबई ते फ्रँकफर्ट साधारण ४,१०० मैल. अक्षराचा टक्का २५ असेल तर हजारेक मिळतील, १०० असेल तर चार हजारांवर. दोघं शेजारी-शेजारी बसून येतात आणि एकाच्या खात्यात चौपट जमा होतात, ते यामुळं. तिकीट निघायच्या आधी डेस्कला अक्षर विचारा, नंतर काही करता येत नाही.

आणि आपल्या गावापासून परदेशापर्यंत तिकीट एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) काढायला लावा. चिकलठाणा ते मुंबई एका तिकिटावर आणि पुढचं दुसऱ्यावर असेल तर मुंबईत बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं. पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं सुटलं तर पुढची कंपनी हात वर करते. तिच्या दृष्टीनं तुम्ही आलाच नाहीत. एका पीएनआरवर असलं की पुढची सोय लावणं त्यांच्या गळ्यात पडतं, आणि देशांतर्गत टप्प्यालाही १५ किलोऐवजी परदेशी तिकिटाची सामान मर्यादा लागते. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय, तेव्हापासून आणखी एक भानगड वाढली. तिकिटावर नुसतं 'मुंबई' वाचू नका. बीओएम म्हणजे सांताक्रूझ-सहारचा, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा. एकात उतरून दुसऱ्यातून उडायचं म्हणजे मधे सगळी मुंबईची वाहतूक.

फोलिओ

खिडकीसीट दादांनी विमानाचं पुरतं सांगितलं. माझं मत थोडं वेगळं आहे: मराठवाड्यातल्या माणसाला विमानापेक्षा हॉटेलातनं जास्त मिळतं. मुंबईला आता लोक वंदे भारतनं किंवा समृद्धीनं जातात, पुण्याला गाडीनं. त्यावर विमानाचा एक पॉइंट नाही, पण मुक्काम मात्र होतोच.

तुमच्या मार्गावर मॅरियट बसतं. चाकणला कोर्टयार्ड आहे, हिंजवडीला आहे, खराडीत फेअरफील्ड, विमाननगरला फोर पॉइंट्स. दिल्ली-हैदराबादला तर भरपूर. बॉनव्हॉयचा (मॅरियटच्या पॉइंट खात्याचा) हिशोब डॉलरवर आहे, बहुतेक ब्रँडला एका डॉलरला १० पॉइंट. डॉलर ८५ रुपये धरला तर ८,५०० च्या खोलीला १,००० पॉइंट. कर त्यात धरत नाहीत. पण पॉइंटपेक्षा रात्री मोजा. वर्षात १० रात्रींना सिल्व्हर, २५ ला गोल्ड, ५० ला प्लॅटिनम. सिल्व्हरला १० टक्के जादा पॉइंट, गोल्डला २५, प्लॅटिनमला ५०. रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन हॉटेलं सोडून बाकी ठिकाणी दुपारी ४ पर्यंत खोली हक्कानं ठेवता येते ती प्लॅटिनमपासून. संध्याकाळचं विमान असणाऱ्याला हीच सगळ्यात मोठी कमाई आहे. गोल्डला २ पर्यंत, तेही खोली शिल्लक असली तर.

लाइनवरची पोरं घेऊन सप्लायरकडं जात असाल तर एक बघा. तुम्ही स्वतः त्यातल्या एका खोलीत राहिलात आणि बिल तुम्ही भरलंत तर तीन खोल्यांपर्यंत पॉइंट तुमच्या खात्यात येतात. रात्री मात्र एकाच खोलीच्या धरतात.

पॉइंट न मिळण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे बुकिंगच्या साइट. त्रयस्थ साइटवरनं खोली घेतली की पॉइंट नाही, रात्र नाही, बहुतेकदा मेंबरचा फायदाही नाही. डेस्कला सांगा, कंपनीचा करारदर हॉटेलच्याच साइटवर कॉर्पोरेट कोड टाकून काढा. दर तोच राहतो आणि मुक्काम मोजला जातो. कॉन्फरन्सचा गट दर किंवा एजंटचा घाऊक दर असेल तर चेक-इनलाच विचारा, 'हा रेट पॉइंटला चालतो का?' चेक-आउटला विचारून उपयोग नाही, रेट कोड तोवर पक्का झालेला असतो.

नोव्होटेल, आयबिसवाल्या अकॉरचा हिशोब सरळ आहे, मला आवडतो. २,००० पॉइंट म्हणजे ४० युरो, बिलातनं सरळ वजा. मूळ सभासदाला नोव्होटेलसारख्या हॉटेलात १० युरोला २५ पॉइंट, म्हणजे ५ टक्के परत. आयबिसला १२.५, म्हणजे अडीच टक्के. सिल्व्हरला १० रात्री, गोल्डला ३०. गैरसोय एकच: ३६५ दिवस काही हालचाल नसली की पॉइंट जातात. मॅरियटला २४ महिने आहेत.

ताज आणि आयटीसीचं वेगळं आहे. आपल्याच गावात विवांता आहे, जालना रोडला वेलकमहॉटेल रामा इंटरनॅशनल आहे. परगावचे ऑडिटर नेहमी तिथंच उतरत असतील तर खाती त्यांची त्यांना काढू द्या. पॉइंट राहणाऱ्याला मिळतात, कंपनीला नाही. तुम्ही स्वतः घरी झोपता, तुम्हाला त्याचं काय.

आणि जीएसटीचा कोपरा बघा, कारण क्लेम पास करताना अकाउंट्स तिथंच अडवतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० पर्यंतच्या खोलीला ५ टक्के, त्यावर १८. ७,४०० च्या खोलीचं बिल ७,७७० होतं, ७,६०० च्या खोलीचं ८,९६८. दोनशेच्या फरकावर बाराशे जातात. सीमारेषेवर असाल तर नाश्ता सोडून नुसत्या खोलीचा दर विचारा. हैदराबादच्या हॉटेलवर तेलंगणचा एसजीएसटी (राज्याचा जीएसटी) लागतो. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीला त्याचा परतावा मिळत नाही, तिथं उगाच जीएसटी नंबरवरून वाद घालत बसू नका.

उस्मानपुरा_तिकीट

मागाहून मिळतात का, याचं उत्तर: मिळतात, पण मुदत आहे आणि नाव जुळलं पाहिजे. विमानाला तीन गोष्टी लागतात. १३ आकडी ई-तिकीट क्रमांक, प्रवासाची तारीख, बोर्डिंग पास. नुसत्या पीएनआरवर बऱ्याचदा भागत नाही, लोक तोच टाकतात आणि अर्ज परत येतो. तिकीट क्रमांकाचे पहिले तीन आकडे कंपनी सांगतात: ०९८ एअर इंडिया, ३१२ इंडिगो, २२० लुफ्तान्सा. मोबाइलवरचा बोर्डिंग पास उड्डाणानंतर अ‍ॅपमधनं निघून जातो, म्हणून पॉइंट जमा होईपर्यंत त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. हॉटेलला कार्डाची पावती चालत नाही, तारीखवार आकारणीचं बिल लागतं.

नावाचं आपल्याकडं फार होतं. पासपोर्टवर 'संतोष भाऊराव' हे नाव आणि 'जाधव' हे आडनाव. खातं काढताना माणूस नुसतं 'संतोष जाधव' लिहितो. डेस्क तिकीट पासपोर्टप्रमाणं काढतो. सिस्टिमला ही दोन माणसं वाटतात. खातं पासपोर्टवर जसं आहे तसंच काढा, वडिलांच्या नावासकट, आणि डेस्कच्या प्रोफाइलमध्येही तेच भरून घ्या. लग्नानंतर आडनाव बदललेल्या ताईंनी आधी पासपोर्ट बदलावा, मग खात्यातलं नाव, मग पुढचं बुकिंग. क्रम उलटा झाला तर मधल्या प्रवासाचे पॉइंट लटकतात.

खात्याला कंपनीचा ईमेल देऊ नका. नोकरी बदलली की ओटीपी जुन्या पत्त्यावर जातो.

जाता जाता: बऱ्याच साइटवर आपलं शहर अजून औरंगाबाद या जुन्या नावानंच सापडतं. विमान शोधताना आयएक्सयू हा आपल्या विमानतळाचा कोड टाका, काम झालं. हॉटेल शोधताना मात्र राज्य बघा. बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे आणि परत न होणारा दर असेल तर पैसे गेले.

वाळूजकर

लई उपयोगी. बुकिंग वर्गाचं तर ठाऊकच नव्हतं. डेस्कच्या प्रोफाइलला उद्याच नाव दुरुस्त करतो. कार्डाचं राहिलं.

फोलिओ

तिकीट कंपनी काढते, म्हणजे मोठा खर्च तुमच्या कार्डावर येतच नाही. मग वार्षिक फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी भरून हाती काय राहतं ते आधी मांडा. हॉटेल तुम्ही भरून क्लेम करत असाल तर विचार करायला हरकत नाही, पण क्लेमचे पैसे बिलाच्या तारखेआधी येतात का बघा. एकदा व्याज लागलं की वर्षाचे पॉइंट धुऊन जातात.

परदेशात बहुतेक कार्डांना साडेतीन टक्के मार्कअप (परकी चलनाचा आकार), वर त्याचा जीएसटी, मिळून ४.१३ टक्के. कार्डाचे पॉइंट त्यापेक्षा कमी किमतीचे असतील तर जर्मनीत ते कार्ड बाहेर काढू नका. मशीनवर 'रुपयात की युरोत' विचारलं तर युरो. रुपयात घेतलं की दुकानदाराच्या बँकेचा दर लागतो, तो महाग असतो.

कार्डाचे पॉइंट विमान किंवा हॉटेलच्या खात्यात हलवले की परत येत नाहीत. आधी हवी ती सीट पॉइंटवर दिसते का बघा, मगच हलवा.

गोदाकाठ_नांदेड

नांदेड-लातूरवाल्यांसाठी पण सांगा की कुणीतरी. आमच्याकडं स्टार एअर, तिचं आघाडीशी काही नातं नाही.

खिडकीसीट

भाऊ, नांदेड, देगलूर, उदगीरकडच्यांनी परदेशासाठी मुंबई सोडून हैदराबादचा शमशाबाद विमानतळ बघावा. लुफ्तान्साचं हैदराबाद-फ्रँकफर्ट जानेवारी २०२४ पासून सुरू झालंय, म्हणजे महाराजा क्लबचा नंबर तिथंही चालतो. पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्री विमानतळाजवळच्या नोव्होटेलमध्ये मुक्काम पडतो, तो अकॉरमध्ये धरला जातो. स्टार एअरनं बंगळूरला जाऊन पुढं जाणार असाल तर ते वेगळं तिकीट समजा आणि मधे भरपूर वेळ ठेवा, बॅग तुम्हालाच उचलावी लागेल.

उस्मानपुरा_तिकीट

आणि 'तुमचे पॉइंट आज रात्री संपतायत, या लिंकवर जा' असा मेसेज आला तर लिंक दाबू नका, त्यातली एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) तर मुळीच टाकू नका. मुदत खरंच संपत असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये, स्टेटमेंटच्या पानावर तारीख दिसते. तिथं नसेल तर मेसेज खोटा. कुठलीही विमान कंपनी पॉइंट वाचवायला कार्डाचा सीव्हीव्ही मागत नाही.