मदत हवी आहे: नको असलेली गिफ्ट कार्डं विकायची कशी?

नमस्कार मंडळी. भेट म्हणून आलेली ३ डिजिटल गिफ्ट कार्डं मेलमध्ये नुसती पडून आहेत. तिन्ही गेमिंगची, आणि मी मोबाइलवर साधा पत्त्यांचा डावही खेळत नाही! एकाची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. अजून एकही खात्यात जमा केलेलं नाही, कारण एकदा केलं की ते दुसऱ्याला देता येत नाही.

काल एकाचा मेसेज आला, ८० टक्के पैसे देतो म्हणून. वर म्हणे, "आधी कोडचा स्क्रीनशॉट टाका, बॅलन्स बघतो आणि लगेच पैसे पाठवतो." मी तिथेच थांबलो. कोड म्हणजे रोकडच की. ज्याने आधी वापरला त्याचा, मागाहून बोंब मारून काय उपयोग. मग त्याने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला. खात्यात मात्र दमडी नाही.

तर, कुणी अशी कार्डं खरंच विकली आहेत का? व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे मध्यस्थाकडे अडकवून ठेवणाऱ्या साइट्सचा अनुभव कसा? घेणारा नंतर "कोड चाललाच नाही" म्हणाला, तर पुरावा काय दाखवायचा? की ओळखीतल्या कुणाला स्वस्तात देऊन मोकळं व्हावं? "मी घेतो" म्हणून कृपया इनबॉक्समध्ये येऊ नका, इथेच लिहा.