रीलवर लाइक भरपूर, गेटवर माणसं नाहीत

पुनर्मूल्यांकन_रखडलं
पुनर्मूल्यांकनाचे निकाल अडकलेत, पुढच्या सत्राचे अर्ज भरायची मुदत संपत आलीय. व्हॉट्सॲप ग्रुप भरलाय, रील चालतेय, पण विद्यापीठाच्या गेटवर कुणी येत नाही. काय करावं? आणि ॲडमिनवर गुन्हा दाखल होतो का?

शास्त्री_रोड
ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यात एमपीएससीची मुलं रस्त्यावर बसली, कारण राज्यसेवा पूर्व आणि बँक भरतीची आयबीपीएस परीक्षा २५ तारखेला एकाच दिवशी आली होती. मागणी काय, निर्णय कुणाचा, मुदत कधीची, हे एका ओळीत सांगता येत होतं. शिवाय मुलं आसपासच्या पेठांतल्या अभ्यासिकांमधली, चालत येणारी. २२ तारखेला आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. तुमची कॉलेजं जिल्हाभर पसरलेली असणार. सगळ्यांना बोलावूच नका. प्रत्येक कॉलेजातून दोघे, वर्गाच्या सह्या घेऊन, पुरे.

आवक_जावक
परीक्षा विभाग रीलला उत्तर देत नाही, कागदाला देतो. निवेदन परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या नावे, प्रत कुलगुरूंना. गूगल फॉर्मवरून बैठक क्रमांक, विषय, अर्जाची तारीख आणि फी पावती गोळा करून यादी जोडा. ‘निकाल लवकर लावा’ लिहिलंत तर ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढंच मिळेल. ‘निकाल लागेपर्यंत विलंब शुल्काशिवाय मुदत वाढवा’ असं मागा. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तीच प्रत मग इन्स्टावर टाका, सह्या आणि बैठक क्रमांक झाकून. माहिती अधिकार आत्ता उपयोगाचा नाही, उत्तराला ३० दिवस असतात.

फक्त_ॲडमिन
व्हॉट्सॲप ग्रुप १०२४ जणांवर भरतो आणि सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. कर्मचारीही आत आहेत असं धरूनच लिहा. सूचनांच्या ग्रुपवर फक्त ॲडमिनने लिहावं. चर्चा टेलिग्रामवर, नंबर लपवून. प्रत्येक निरोपात तारीख आणि वर्ष टाका, नाहीतर जुनंच आवाहन पुन्हा फिरतं.
गुन्ह्याचं म्हणाल तर, सदस्याशी समान हेतू नसेल तर त्याच्या पोस्टसाठी निव्वळ ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. मात्र जमावबंदी असताना ‘जमा’ असं तुम्हीच लिहिलंत, तर ती पोस्ट तुमची.

पुनर्मूल्यांकन_रखडलं
निवेदन घ्यायलाच नकार दिला तर?

आवक_जावक
त्याच दिवशी स्पीड पोस्ट आणि ईमेल, दोन्ही. पावती जपून ठेवा.