नंबर कुठलाही द्या, लोक शोधून बघतात? कोण बघतं हो?

रिमोटग्रस्त:
परवा सातवा_चेंडू यांनी लिहिलं, "खेळात दम असेल तर चॅनेल ३० वर ठेवा नाहीतर ७३० वर, बघणारा बघतोच. नंबरचं रडगाणं पडेल चॅनेलं गातात." दोन दिवस गप्प होतो, आता राहवत नाही.

सामना कधी, कुठे, सगळं पाठ असलेला माणूस ७३० काय, गच्चीवर चढूनही बघेल. पण दुसरा एक असतो. तो सोफ्यावर आडवा पडून प्लसचं बटन दाबत जातो आणि कुठे काही पळताना दिसलं की थांबतो. अंतिम सामन्याला पहिला पुरतो. मंगळवारी दुपारच्या दुसऱ्या फेरीला जे काही डोळे मिळतात ते बहुतेक या दुसऱ्याचे. आणि स्पोर्ट्‌स चॅनेलला वर्षभर मंगळवारच भरायचे असतात.

अमेरिकेतलं टेनिस चॅनेलचं भांडण आठवा. कॉमकास्ट या केबल कंपनीने स्वतःची गोल्फ चॅनेल आणि व्हर्सस ही खेळांची चॅनेलं सर्वसाधारण पॅकेजात ठेवली आणि टेनिसला जादा पैशांच्या स्पोर्ट्‌स पॅकेजात ढकललं. २०१२ मध्ये एफसीसीने, म्हणजे तिथल्या टीव्ही-दूरसंचार नियामकाने, ३ विरुद्ध २ मतांनी टेनिसच्या बाजूने कौल दिला. जागेने फरक पडत नसता तर दोघं एवढी वर्षं कशासाठी भांडले?

सातवा_चेंडू:
गोष्ट अर्धीच सांगायची सवय छान आहे. २०१३ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल उलटवला, हे कुठे गेलं? शिवाय तुम्ही पॅकेज आणि नंबर यांची खिचडी केलीत. पॅकेजात नाही म्हणजे घरात चॅनेलच नाही. मी बोलत होतो नंबरबद्दल.

रिमोटग्रस्त:
निकाल वाचलात की मथळा? टेनिसला सर्वसाधारण पॅकेजात घेऊन कॉमकास्टचा काही फायदा झाला असता, याचा पुरावा टेनिसवाल्यांनी दिला नाही, असं कोर्ट म्हणालं. जागेने प्रेक्षक वाढतात की नाही, हा प्रश्नच तिथे नव्हता.

खिचडी केली हे मात्र खरं. घ्या.

बर्फावरची_हॉकी:
टेनिसवाल्यांनी रडू नये. आमचं बघा. अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकी लीगचा, एनएचएलचा, २००४-०५ चा अख्खा सीझन मालकांच्या टाळेबंदीत गेला आणि खेळ परतला तो ईएसपीएन सोडून ओएलएनवर! सायकल शर्यतींसाठी ओळखलं जाणारं चॅनेल. पुढे त्याचं व्हर्सस झालं, मग एनबीसी स्पोर्ट्‌स नेटवर्क, आणि २०२१ च्या शेवटी बंदच. पहिल्या वर्षी मी मित्रांना फोन करकरून नंबर सांगत होतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, "अरे, कुठे लागतं ते?"

बॅकहँडवाली:
दोघांनाही एक विचारते. खालच्या नंबरवरची चॅनेलं जास्त बघितली जातात ती नंबर खालचा म्हणून, की जास्त बघितली जातात म्हणून त्यांना खालचा नंबर मिळाला? आधी कोंबडी की आधी अंडं? एकच चॅनेल, तेच सामने, फक्त नंबर बदलला, मग आधी किती आणि नंतर किती, असं दाखवा. मित्रांच्या फोनवरून काही ठरत नाही.

जुना_अँटेना:
पुरावा हवाय? आमच्या घरी या. वडिलांना नवीन मोठा टीव्ही आणून दिला. एचडी चॅनेल वर ७०० च्या पुढे, साधं खाली दोन आकडी नंबरवर. ते अजून दोन आकडीच दाबतात. चित्र आडवं ताणलेलं, खेळाडू सगळे फुगलेले, गोल चेंडू लांबोडका. मी म्हटलं, बाबा, वर स्वच्छ दिसतं. म्हणाले, "मला इथेच माहितीये."

सातवा_चेंडू:
म्हणजे नंबर बदलला तरी वडील सामना बघतातच! माझाच मुद्दा. आभारी आहे.

जुना_अँटेना:
नंबर बदलला कुठे? ते जुन्याच नंबरवर आहेत, म्हणून तर बघतायत. उद्या तिथे दुसरं काही लागलं तर तेच बघतील.

बॅकहँडवाली:
फेव्हरिट लिस्ट लावून द्यायची ना. दोन मिनिटांचं काम.

जुना_अँटेना:
लावली होती. चुकून कुठलं बटन दाबलं गेलं आणि फक्त सहा चॅनेलं दिसायला लागली. रात्री साडेअकराला फोन, "टीव्ही चोरीला गेल्यासारखा झालाय." आता त्या बटनावर चिकटपट्टी आहे.

सातवा_चेंडू:
मुद्दा काय होता आणि रिमोटचं गुऱ्हाळ काय लावलंय! थोडं शिकवलं तर म्हातारी माणसंही शिकतात. तुम्हालाच कंटाळा.

जुना_अँटेना:
तुम्ही किती जणांना शिकवलंत ते सांगा, मग माझ्या कंटाळ्याचं बघू. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

बर्फावरची_हॉकी:
व्हॉइस रिमोट घ्या. माझ्या मावशीने "हॉकी" म्हटलं तर पाककृतीचा कार्यक्रम लागला, ते सोडा.

रिमोटग्रस्त:
परत येऊ या का? बॅकहँडवाली, तुमची कोंबडी मान्य. नुसत्या आकड्याचा वेगळा हिशेब माझ्याकडे नाही. पण पॅकेजाचं उदाहरण घ्या. २९ डिसेंबर २००७, पेट्रियट्स विरुद्ध जायंट्स. अमेरिकन फुटबॉलचा सामना, एनएफएल लीगच्या स्वतःच्या एनएफएल नेटवर्कचा, आणि ते चॅनेल कित्येक घरांत नव्हतंच. शेवटी घरोघरी दिसणाऱ्या सीबीएस आणि एनबीसीवरही दाखवावा लागला. तिन्ही मिळून सुमारे ३ कोटी ४५ लाख लोकांनी बघितला. लोक शोधून बघतातच, तर बाकी दोघांकडे कशाला द्यायचा होता?

सातवा_चेंडू:
पुन्हा पॅकेज. नंबरवर या.

रिमोटग्रस्त:
येतो. मधल्या जाहिरातीत तुम्ही काय करता? मी एक बटन वर, एक खाली. शेजारी खेळ असेल तर तिथे अडकतो, पाककृती असेल तर परत येतो. चॅनेलवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. ब्लूमबर्गचं चॅनेल बातम्यांचं, पण बाकी बातम्यांच्या रांगेत बसवा म्हणून तेही कॉमकास्टशी भांडलं, आणि एफसीसीने त्यांचं ऐकलं. आकड्याला नाही, शेजाऱ्याला किंमत आहे.

सातवा_चेंडू:
हां, हे सुरुवातीलाच म्हणाला असतात तर वडिलांच्या चिकटपट्टीपर्यंत जावं लागलं नसतं. शेजार महत्त्वाचा, मान्य. नंबर नाही.

बॅकहँडवाली:
आणि नंबरांशिवाय शेजार कसा ठरतो म्हणे?

सातवा_चेंडू:
झोपा आता.

जुना_अँटेना:
बाबांचा फोन आला. चिकटपट्टी निघालीये.