'आव्हान', 'विद्यमान' आणि 'अनामत'

प्रश्न : 'विद्यमान आमदाराला आव्हान देणे अवघड करणारे निवडणूक कायदे' असा प्रयोग वाचनात आला. येथे 'आव्हान' म्हणजे नेमके काय, आणि 'विद्यमान' हा शब्द बरोबर आहे का?

उत्तर : 'आवाहन' आणि 'आव्हान' यांतला भेद सर्वांना ठाऊक आहे, परंतु निवडणुकीत 'आव्हान' हाच शब्द दोन अर्थांनी येतो. एक आव्हान उमेदवार होऊन द्यायचे असते, तर दुसरे निकालानंतर निवडणूक याचिकेने. याचिका निवडणुकीच्या तारखेपासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. ती सहा महिन्यांत निकाली काढण्याचा 'प्रयत्न' व्हावा, असे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ म्हणतो. मुदत सैल झाली आहे ती या एका शब्दाने.

पहिल्या अर्थाच्या आव्हानाला अडथळे अधिक आहेत. 'सूचक' म्हणजे एरवी सुचवणारा, अर्थगर्भ. उमेदवारी अर्जात मात्र उमेदवाराचे नाव सुचवणारा, त्याच मतदारसंघातील मतदार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला असा एक सूचक पुरतो, पण अपक्षाला आणि अमान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात. १९९६ च्या दुरुस्तीने हा फरक आणला आणि विधानसभेची अनामतही तेव्हाच २५० रुपयांवरून ५,००० वर नेली. आज नाशिक पूर्व, मध्य किंवा पश्चिममध्ये खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला १०,००० रुपये भरावे लागतात; देवळाली अनुसूचित जातींसाठी राखीव असल्याने तेथे ५,००० पुरतात.

'अनामत' हे अरबी 'अमानत'चे वर्णविपर्ययाने झालेले रूप असून मूळ अर्थ विश्वासाने सोपवलेली ठेव असा आहे. पराभूत उमेदवाराला वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ही ठेव जप्त होते, आणि आपल्याकडे सर्रास म्हणतात तसे 'डिपॉझिट जाते'. विश्वासाने ठेवलेली वस्तू परत न मिळणे हे मूळ अर्थाच्या अगदी उलट आहे, म्हणून 'अनामत जप्त' हा जोडशब्द मला नेहमी खटकतो.

राहिला 'विद्यमान'. वरच्या तरतुदींत विद्यमान आमदाराचा उल्लेखच नाही. तो अपक्ष असेल तर त्यालाही दहा सूचक जमवावे लागतात. सवलत पदाला नसून पक्षाच्या मान्यतेला आहे. या नियमांना 'प्रस्थापितधार्जिणे' म्हणणे मला पटते, परंतु त्या वाक्यात 'विद्यमान आमदाराला' याऐवजी 'मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना' असे लिहायला हवे होते.