मॅक्स रोचच्या सोलोत सम सापडेना

तिरकिट:
तबला वाजवतो, जॅझमधलं मला ओ की ठो कळत नाही. भाच्याने जॅझ ड्रमर मॅक्स रोचचा 'ड्रम्स अनलिमिटेड' ऐकायला दिला. १९६६ चा अल्बम, अटलांटिक कंपनीचा. सहा तुकडे, त्यातल्या तीनमध्ये नुसता ड्रम, बाकी कोणी नाही. मी 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस'वर अडकलोय. तीनाची चाल कळते, म्हणून मांडीवर सहा मात्रांचा दादरा धरला. थोडा वेळ बसतो, मग रोच असं काही वाजवतो की मी पार भरकटतो. आपल्याकडे सोलोला लेहरा असतो, म्हणजे पेटीवर सतत फिरणारी धून; चुकलो तरी पेटीवाला घरी आणून सोडतो. इथे समेचा, म्हणजे पहिल्या मात्रेचा, पत्ता कोणाला विचारायचा?

रसिक_ठाणे:
ड्रम सोलो सुरू झाला की चहा प्यायला जायचं, हा साधा नियम आहे. 🙂

धुमचक:
ठाणेकर, इथे पहिल्यापासूनच सोलो आहे. चहा आधीच पिऊन या.

तिरकिट, लेहरा आहे. तो त्याच्या पायांत आहे. उजव्या पायाने बेस ड्रम पहिल्या मात्रेवर, डाव्या पायाने हाय-हॅट (पायाने मिटायची झांजांची जोडी) दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेवर. धुम् चक् चक्. हात थांबतात तेव्हाही हे चालूच असतं, आणि मला तर त्या मोकळ्या जागाच जास्त आवडतात. एक वाक्य बोलतो, गप्प बसतो, मग तेच थोडं फिरवून पुन्हा. तबल्यातल्या कायद्याची (एकच बोल फिरवत वाढवायची रचना) आठवण येईल, पण लगेच कायद्याचे नियम लावू नका. दादराही सोडा; सहाचं आवर्तन धरलंत तर 'खाली' (टाळीऐवजी हात मोकळा सोडायची मात्रा) शोधत बसाल, ती तिथे नाहीच.

मी हे शिकायला घेतलं तेव्हा नुसते पाय जमवायला दोन महिने गेले. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अरे, रोज तेच तेच काय कुटतोस?" त्यांना बरोबर कळलं होतं.

तिरकिट:
धुमचक, तुमचं वाचून पुन्हा ऐकलं. चक् चक् लगेच सापडलं, धुम् मात्र कुठेच नाही! मग लक्षात आलं, मी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत होतो. हेडफोन लावला आणि सम आली. दोन दिवस मी डग्ग्याशिवायचा तबला ऐकत होतो म्हणायचं.

धुमचक:
😂 आता त्याच अल्बममधला 'फॉर बिग सिड' ऐका. सिड कॅटलेट हा रोचच्या आधीच्या पिढीचा ड्रमर, १९५१ मध्ये गेला. त्याच्या आठवणीतला तुकडा आहे. त्या तुकड्याचं तोंड (मुख्य चाल) गुणगुणता येतं, हातात फक्त काठ्या असूनही. त्यानंतर 'नोम्मो' लावा, त्यात फ्रेडी हबर्डचा ट्रंपेट आहे.

रसिक_ठाणे:
ट्रंपेट आहे? मग बसतो.