ओढणी-गोळा सोडून व्यापक सापेक्षता कशी शिकवू? (नववी-दहावी)

औंढ्याचा_मास्तर
हिंगोली जिल्ह्यात विज्ञान शिकवतो. गुरुत्वीय लहरी (अवकाशात पसरणारे गुरुत्वाचे तरंग) टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा आमच्या औंढा नागनाथजवळच होणार, त्यामुळे लेकरं विचारतातच. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटींना मंजुरी दिली तेव्हापासून जरा जास्तच. दहावीच्या पहिल्या धड्यात गुरुत्वीय लहरींची एक चौकट आहे. ती वाचायला दोन मिनिटं लागतात, प्रश्न मात्र तासभर पुरतात.

जड वस्तूमुळे जागा आणि काळ वाकतात, तेच गुरुत्वाकर्षण, असं आइन्स्टाईनची व्यापक सापेक्षता सांगते. ते दाखवायला मी सगळे करतात तेच केलं. चार पोरींना ओढणी ताणून धरायला लावली, मधे गोळाफेकीचा गोळा ठेवला, कडेनं गोट्या सोडल्या. गोट्या मस्त फिरल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक म्हणाली, "सर, गोळ्यानं ओढणी दबली ते ठीक, पण गोळ्याला खाली कोण ओढतंय? गुरुत्वाकर्षणच ना?"

झालं. "उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. नेटवर शोधलं तर ॲनिमेशनमध्येही तीच जाळी, तोच खड्डा. शाळेत एक प्रोजेक्टर, एक लॅपटॉप आणि माझा फोन एवढंच आहे. लेकरांना स्वतःच्या हातानं करून बघता येईल असं काही आहे का?

जुना_लॅबवाला
पोरगी हुशार आहे, तिला मॉनिटर करा.

फोनमध्ये फायफॉक्स टाका. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठानं केलेलं ॲप आहे, फुकट आहे. त्यात त्वरणाचे दोन प्रयोग दिसतील, 'जी'सकट (म्हणजे गुरुत्वत्वरण धरून) आणि 'जी'शिवाय. 'जी'सकटवाला घ्या. त्यातच रिमोट ॲक्सेसची सोय आहे. फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडलात की ब्राउझरमध्ये आलेख येतो, म्हणजे प्रोजेक्टरवर सगळ्या वर्गाला दिसतो. इंटरनेट लागत नाही.

आधी मुलांकडून वहीत अंदाज लिहून घ्या: टेबलावर पडलेल्या फोनचं त्वरण किती? खाली पडणाऱ्या फोनचं किती? बहुतेक जण पहिल्याला शून्य आणि दुसऱ्याला ९.८ लिहितील. मग फोन छातीइतक्या उंचीवरून गादीवर सोडा. (गादी जाड घ्या. माझ्या एका फोनची काच या विज्ञानापायी गेली आहे.) आलेख बरोबर उलटा येतो: टेबलावर ९.८, पडताना जेमतेम अर्धा सेकंद शून्याच्या आसपास. पडणाऱ्याला स्वतःचं वजन जाणवत नाही, हे आइन्स्टाईनला १९०७ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात सुचलं. तिथून सुरुवात करा, ओढणीचं मग बघू.

बोर्डाचा_पेपर
बोर्डाला यातलं काहीही येत नाही. ओढणीनं मुलं खूश होतात ना? मग पुरे की.

जुना_लॅबवाला
खूश होतात, पण चुकीचं शिकून खूश होतात. ओढणीवर फक्त जागा वाकते. चेंडू जमिनीवर पडतो त्यात मोठा वाटा काळाच्या वाकण्याचा असतो, आणि ओढणीत काळ कुठे आहे? तुमच्या खिशातला जीपीएस मात्र त्यावरच चालतो. उपग्रहातलं घड्याळ वर कमी गुरुत्वात असल्यानं दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं, वेगामुळे ७ मागे पडतं. उरलेले ३८ दुरुस्त केले नाहीत, तर दिवसभरात ११ किलोमीटरच्या आसपास चूक साचेल.

जिओजेब्रावाली
काळाचा अक्ष दाखवायचा असेल तर जिओजेब्रा हे आलेख काढायचं सॉफ्टवेअर घ्या. दहावीच्या मुलांना s = ut + ½at² येतंच. दोन चेंडू काढा, एक जवळच्या जवळ उंच टोलवलेला, दुसरा सीमारेषेकडे सपाट मारलेला. आडव्या अक्षावर अंतर ठेवलं तर दोन्ही वाटा अगदी वेगळ्या दिसतात. आता आडव्या अक्षावर वेळ ठेवा आणि एक आलेख माउसनं उचलून दुसऱ्यावर सरकवा. वाक तंतोतंत जुळतो! स्लायडरनं वेग कितीही बदला, वाक बदलत नाही. आणि वस्तुमान तर समीकरणात कुठे नाहीच.

मग १ सेकंद म्हणजे ३ लाख किलोमीटर (प्रकाश सेकंदात जातो तेवढं अंतर) असं माप धरायला सांगा. पाच मीटर वर जाऊन दोन सेकंदांत परत येणारा चेंडू या मापात ६ लाख किलोमीटर लांबीची, जेमतेम पाच मीटर फुगलेली रेघ काढतो. ज्या वर्तुळाचा तो तुकडा, त्याची त्रिज्या (c² भागिले g, c म्हणजे प्रकाशाचा वेग) जवळपास एक प्रकाशवर्ष. माझ्या वर्गात हा हिशेब फळ्यावर पोरांनीच केला, मी फक्त शून्यं मोजायला मदत केली.

औंढ्याचा_मास्तर
शुक्रवारी केलं. गादी मिळाली नाही, दोन वाकळी घडी करून टाकल्या. अठ्ठावीस जणांपैकी पंचवीस जणांचा अंदाज चुकला. फोन नऊ वेळा सोडला, कारण प्रत्येकाला वाटत होतं की आधीच्यानं नीट सोडला नाही.

टेबल फोनला वर ढकलतंय म्हणून ९.८ येतं, हे शेवटी गळी उतरलं. जिओजेब्रा पुढच्या आठवड्यात. पण तीच मागच्या बाकावरची (हो, मॉनिटर केलीय) घंटा झाल्यावर दारात थांबली: "सर, जमीन आपल्याला वर ढकलते. अमेरिकेतल्या माणसालाही तिथली जमीन वर ढकलते. दोन्हीकडून बाहेरच ढकलाढकली चालू असेल, तर पृथ्वी फुगत का नाही?"

सोमवारी पहिला तास तिच्याच वर्गावर आहे. काय सांगू?

जिओजेब्रावाली
पृथ्वीगोल आणि दोरा घेऊन जा. विषुववृत्तावरच्या दोन वेगळ्या जागांवरून दोघांना सरळ उत्तरेकडे चालायला लावा. दोघंही वळणार नाहीत, तरी ध्रुवावर एकमेकांना धडकतील, कारण पृष्ठभागच वाकलेला आहे. तसंच जागा-काळ वाकलेला असल्यानं जमीन बाहेर ढकलत राहूनही पृथ्वी फुगत नाही. पहिल्यांदा तेवढंच दाखवा आणि गप्प बसा, पुढचं ती बोलेल.